पियानोवर बीथोव्हेन, माईकवर रॅप: शाळेच्या गॅदरिंगमध्ये हे जमते कसे आणि अडते कुठे?

अभिजात पियानो आणि हिप-हॉप यांची जोडी जगात नवी नाही. मुळशीतल्या शाळांच्या मंचावर मात्र ती अजून बिचकत येते. तालाचे गणित, शब्दांची भीती आणि कॉपीराइटचा कायदा समजून घेतला, तर चार मिनिटांचा हा कार्यक्रम गॅदरिंगमधल्या इतर अनेक कार्यक्रमांपेक्षा जास्त काही देऊ शकतो.

डिसेंबर उजाडला की भूगाव, पिरंगुट, पौड, माण, हिंजवडी या पट्ट्यातल्या शाळांमध्ये स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होतात. कार्यक्रमांची यादी साधारण ठरलेली असते. गणेशवंदना, एक कोळीगीत, एक गोंधळ, शिवराज्याभिषेकाचा देखावा, देशभक्तिपर गाण्यांची मेडली आणि शेवटी सगळ्यांचा नाच. यातले बहुतेक सगळे पेन ड्राइव्हवरून वाजते. मुले नाचतात, ओठ हलवतात, पण गात नाहीत आणि वाजवतही नाहीत.

अशा यादीत नववीतली दोन मुले येऊन सांगतात, की एक जण पियानो वाजवणार आणि दुसरा त्यावर रॅप करणार. स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न येतो, ‘शब्द काय आहेत?’ दुसरा प्रश्न पियानो शिकवणाऱ्यांचा असतो. परीक्षेसाठी वर्षभर बसवलेल्या तुकड्याची अशी वाट लावायची का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. म्हणून त्यांना ‘नको’ एवढेच उत्तर देऊन भागत नाही.

ही जोडी आली कुठून?

हिप-हॉपचा जन्म ज्या कार्यक्रमात झाला असे मानतात, त्याचा संबंध शाळेशीच होता. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घेता यावेत म्हणून एक पार्टी ठेवली आणि प्रवेशाला थोडे पैसे लावले. रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ होता, तोच पुढे ‘डीजे कूल हर्क’ म्हणून ओळखला गेला. गाण्यातला फक्त ड्रम वाजणारा तुकडा आला की लोक जास्त नाचतात, हे त्याने हेरले होते. एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड दोन टर्नटेबलवर ठेवून तो तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहणे, ही त्याची युक्ती. आधीपासून असलेल्या संगीताचा छोटा तुकडा उचलायचा आणि तो फिरवत ठेवायचा, हे हिप-हॉपच्या मुळाशीच आहे. त्यामुळे उचललेला तुकडा एखाद्या दिवशी अभिजात पियानोचा असणार, हे ओघाने आले.

तसे झालेही. १९९७ मध्ये कूलिओ या रॅपरने योहान पाखेलबेलच्या ‘कॅनन’वर गाणे केले. २००२ च्या अखेरीस आलेल्या अल्बममध्ये नॅस या रॅपरने बीथोव्हेनच्या ‘फ्यूर एलिझे’ची सुरावट घेतली. गाण्याचे नाव ‘आय कॅन’, निर्माता सलाम रेमी आणि कोरसमध्ये लहान मुलांचे आवाज. शाळकरी मुलांना उद्देशून लिहिलेले हे गाणे गॅदरिंगच्या सर्वांत जवळचे उदाहरण म्हणता येईल. डॉ. ड्रे यांच्या १९९९ च्या ‘स्टिल डी.आर.ई.’मधली पियानोची धून अभिजात संगीतातली नाही, ती स्कॉट स्टॉर्चने वाजवलेली. पण आज कीबोर्ड शिकणाऱ्या अनेक मुलांच्या बोटांत ‘फ्यूर एलिझे’च्या शेजारी तीही असते.

‘बीथोव्हेनचा अपमान’ हा मुद्दा मात्र फारसा टिकत नाही. १८०० साली व्हिएन्नात बीथोव्हेन आणि डॅनिएल स्टाइबेल्ट या दोन पियानोवादकांची जुगलबंदी झाल्याचा किस्सा बीथोव्हेनचा शिष्य फर्डिनांड रीस याने लिहून ठेवला आहे. बीथोव्हेनने स्टाइबेल्टच्याच रचनेतला चेलोचा कागद उचलला, तो उलटा ठेवला, एका बोटाने त्यातले काही स्वर वाजवले आणि मग त्यांवरच इतके काही उभे केले, की स्टाइबेल्ट मध्येच उठून निघून गेला. प्रतिस्पर्ध्याचेच साहित्य घेऊन त्याला गारद करणे, याला आजची मुले ‘बॅटल’ म्हणतात. लिहिलेले स्वर जसेच्या तसे आणि अदबीने वाजवायचे, ही शिस्त परीक्षेच्या वर्गात गरजेची असते. स्वतः बीथोव्हेन मात्र दुसऱ्याच्या स्वरांशी असा खेळत होता.

खरी अडचण: सम कुठे येते?

गॅदरिंगमध्ये हा प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा तालामुळे. तुकडा निवडताना आधी तो कोणत्या मात्रेत आहे, हे पाहावे लागते.

रॅपचा साचा बहुधा चार ठोक्यांचा असतो. प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले की एका आवर्तनात १६ बारीक घरे मिळतात आणि रॅपर या घरांत शब्दांची अक्षरे टाकत जातो. तबल्याच्या भाषेत बोलायचे तर हे केहरव्याच्या कुळातले. ‘फ्यूर एलिझे’ मात्र तीनच्या तालात आहे. त्याच्या एका आवर्तनात सहा बारीक घरे, म्हणजे दादऱ्याच्या जवळचा मामला. १६ ला सहाने भाग जात नाही. एकाने दादरा धरला आणि दुसऱ्याने केहरवा, तर दोघांची सम थेट ४८ घरांनंतर, म्हणजे पियानोची आठ आवर्तने आणि रॅपची तीन झाल्यावर एकत्र येते. मुरलेल्या वादकांना यात मजा वाटेल. नववीतली मुले तिसऱ्या ओळीला एकमेकांकडे बघू लागतात.

यातून बाहेर पडायचा एक मार्ग म्हणजे सुरावट ताणून चारच्या साच्यात बसवणे. स्वर तेच ठेवायचे, पण वाक्याच्या शेवटी थोडी विश्रांती वाढवून आवर्तन पूर्ण करायचे. ‘आय कॅन’मध्ये बीथोव्हेनची सुरावट अशी चारच्या चौकटीत आणलेली ऐकू येते. दुसरा मार्ग सोपा आहे आणि बहुतेक शाळांनी तोच घ्यावा: मुळातच चारच्या तालात असलेला तुकडा निवडायचा.

पाखेलबेलचा ‘कॅनन’ त्यासाठी जवळजवळ बेतल्यासारखा आहे. त्याच्या खर्जात आठ स्वरांची एकच ओळ २८ वेळा फिरते. सतराव्या शतकातल्या माणसाने लिहिलेला हा लूपच आहे. वर्षभर कीबोर्ड शिकलेल्या मुलालाही डाव्या हाताने ती ओळ आणि उजव्या हाताने साधे कॉर्ड वाजवता येतात. त्याहून चांगली निवड म्हणजे बाखचा सी मेजरमधला पहिला प्रिल्यूड, १७२२ च्या ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हिअर’ या संग्रहातला. त्यात शेवटच्या काही आवर्तनांचा अपवाद सोडला, तर प्रत्येक आवर्तनात आठ स्वरांचा एक साचा दोनदा येतो. आठ दुणे सोळा. रॅपची १६ घरे आणि बाखचे १६ स्वर एकमेकांवर नेमके बसतात आणि रॅपरला आपले अक्षर कुठे पडते आहे ते ऐकू येते. बीथोव्हेनच हवा असेल तर ‘मूनलाइट सोनाटा’चा पहिला भाग पाहावा. त्यात प्रत्येक ठोक्याला तीन स्वर येतात. अलीकडच्या रॅपमध्ये तीन-तीन अक्षरांच्या झटक्यांनी ओळ म्हणण्याची जी पद्धत रुळली आहे, ती यावर छान बसते.

लयीचा प्रश्न वेगळाच असतो. पियानो शिकलेली मुले वाक्याच्या शेवटी लय थोडी सैल सोडतात. अभिजात वादनात तो गुण आहे, रॅपखाली तो खड्डा ठरतो. यावर उपाय म्हणजे तालीम पहिल्या दिवसापासून मेट्रोनोमवर करणे. (मेट्रोनोमला नाक मुरडणाऱ्यांसाठी: रचनांवर मेट्रोनोमचे आकडे देणाऱ्या पहिल्या मोठ्या संगीतकारांत बीथोव्हेनचेच नाव येते.)

वेळेचे गणितही तिथेच होऊन जाते. मिनिटाला ९० ठोक्यांची लय धरली, तर १६ आवर्तनांच्या एका कडव्याला सुमारे ४३ सेकंद लागतात. चार मिनिटांत अशी फार तर पाच कडवी मावतात. पियानोची सुरुवात, मधला एकट्याचा भाग आणि शेवट यांना जागा दिली की रॅपला तीन कडवी उरतात. मुले सहसा सात लिहून आणतात.

ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा

मोठा पियानो असलेल्या शाळा थोड्याच. पण या कामाला ८८ पट्ट्यांचा पियानो लागतही नाही. बोटाच्या दाबाप्रमाणे आवाज कमी-जास्त करणारा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरतो. ‘फ्यूर एलिझे’चा सगळ्यांना ठाऊक असलेला सुरुवातीचा भाग त्यात बसतो, बाखचा प्रिल्यूडही बसतो. कीबोर्डच्या स्पीकरसमोर माईक धरण्याऐवजी वायरने थेट मिक्सरला जोडला, तर आवाज स्वच्छ येतो आणि शिट्टी मारत नाही.

तालमीत सर्रास होणारी एक चूक मात्र सगळ्यावर पाणी फिरवते. घरचा ब्लूटूथ स्पीकर आणायचा, फोनवरची बीट त्यावर लावायची आणि सोबत वाजवायचे. आता ९० च्या लयीत एक बारीक घर साधारण ०.१७ सेकंदाचे असते. ब्लूटूथवरून आवाज पोहोचायला बऱ्याचदा तेवढाच उशीर होतो. फक्त ऐकायचे असेल तेव्हा तो जाणवत नाही. पण बीट ब्लूटूथवर आणि कीबोर्ड वायरवर असेल, तर फोन आणि कीबोर्ड एकाच क्षणी सुरू करूनही दोन्ही एक घर मागे-पुढे ऐकू येतात. कीबोर्डचा आवाजच ब्लूटूथवरून घेतला तर आणखी वाईट, पट्टी दाबल्यावर स्वर उशिरा कानावर येतो. मुले एकमेकांवर चिडतात, प्रत्यक्षात दोष यंत्राचा असतो.

त्यापेक्षा बीट फोनवरून न लावता ढोलकी, काहोन किंवा तोंडाने बीटबॉक्स करणारा तिसरा गडी घ्यावा. तो वादकाबरोबर सांभाळून घेतो, पेन ड्राइव्ह सांभाळून घेत नाही. रॅपर बोलत असताना पियानोवाल्याने स्वर कमी करावेत आणि डावा हात हलका ठेवावा, एवढे पाळले तरी मागच्या रांगेतल्या आजीला शब्द कळतात.

कीबोर्डही नसेल तर? पेटी बऱ्याच शाळांत असते. पेटीचा स्वर भाता चालू असेपर्यंत टिकतो, पियानोचा स्वर वाजताक्षणी विरू लागतो. म्हणून पेटीवर रॅप केला तर मधल्या मोकळ्या जागा भरून जातात आणि सगळे जड वाटते. छोटे, तुटक कॉर्ड वाजवले तर जमते. आणि पेटीवर हे शोभत नाही असे कोणी म्हणालेच, तर पेटीचा इतिहासही थोडा पाहावा. ती युरोपातून आलेली. मराठी नाट्यसंगीताने आणि गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकांनी तिला आपलेसे केल्यानंतरही १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. तिच्यातून मींड निघत नाही आणि तिचे स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, हे त्यामागचे आक्षेप. आज त्याच पेटीला शुद्ध परंपरा समजून रॅपपासून जपले जाते.

शब्दांचे काय करायचे?

शिक्षकांची भीती निराधार नाही. मुलांच्या कानावर पडणाऱ्या रॅपमध्ये शिव्या आहेत, नशा आहे, बायकांविषयी वाईट बोलणे आहे. पुण्याच्या ताडीवाला रोड भागातून आलेला एमसी स्टॅन फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘बिग बॉस’ जिंकला, तेव्हापासून या परिसरातल्या प्रत्येक वर्गात त्याची नक्कल करणारा एक तरी सापडतो. त्याची गाणी जशीच्या तशी शाळेच्या मंचावर चालणार नाहीत, हे मुलांनाही कळते.

अडचण शाळेने काढलेल्या तोडग्यात आहे. शिक्षक स्वतःच शब्द लिहून देतात. त्यातून ‘स्वच्छता रॅप’ आणि ‘पाणी वाचवा रॅप’ जन्माला येतात. निबंधाची वाक्ये, शेवटी यमक, आणि मुलाच्या डोक्यावर उलटी टोपी. पालक टाळ्या वाजवतात, मुलगा मात्र ते शब्द मंचावरून उतरताच विसरतो. ‘आपला पोवाडा म्हणजेच रॅप’ हे वाक्यही अशा वेळी हमखास ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. शाहीर चालीवर गातो, रॅपर बोलण्याच्या ओघात ठोक्याला कधी पकडतो आणि कधी मुद्दाम हुलकावणी देतो. साम्य शोधायचेच असेल तर तमाशातल्या सवाल-जवाबात शोधावे. तिथे समोरच्याला शब्दात अडकवायचे असते.

मुलांनी स्वतः लिहावे असे म्हटले तर लिहिणार कशावर, असा प्रश्न येतो. मुळशीत तरी विषयांचा दुष्काळ नाही. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, याच तालुक्यात टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांचा सत्याग्रह सुरू झाला. पां. म. बापट पुढे ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यामुळे. ‘जान किंवा जमीन’ ही तेव्हाची प्रतिज्ञा. तीन शब्द, दोन टोकांना तोच ‘ज’ आणि मधे निवड. रॅपची पहिली ओळ याहून चांगली कोण लिहील? धरण झालेच, गावे पाण्याखाली गेली आणि धरणाचे पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे गेले. पुढे जमिनीची दुसरी गोष्ट सुरू झाली. हिंजवडीचे आयटी पार्क, रस्त्याकडेच्या टाऊनशिप, विकलेली शेते आणि आलेल्या पैशाचे पुढे काय झाले याच्या कहाण्या. प्रवीण तरडे यांच्या २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’ने ती गोष्ट पडद्यावर नेली. पण सिनेमात ती गुन्हेगारीच्या अंगाने आली. वर्गातल्या मुलाला ती वेगळी ठाऊक असू शकते: आजोबांचे शेत जिथे होते तिथे आता कुणाचे पार्किंग आहे, एवढीच.

आता त्या वर्गात कोण कोण बसते ते पाहू. एका बाकावर टाऊनशिपमधली मुलगी, जिला चौथीपासून पियानोचा क्लास आहे आणि जी ट्रिनिटीच्या ग्रेड परीक्षा देते. शेजारच्या बाकावर गावठाणातला मुलगा, ज्याच्या घरी वाद्य नाही, पण ज्याच्या जिभेला धार आहे. नेहमीच्या गॅदरिंगमध्ये पहिलीला एकटीचा कार्यक्रम मिळतो आणि दुसरा मावळ्यांच्या घोळक्यात तिसऱ्या रांगेत भाला धरून उभा राहतो. पियानो-रॅपच्या कार्यक्रमात तिला त्याच्याशिवाय आणि त्याला तिच्याशिवाय भागत नाही. या प्रयोगाच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा हाच आहे. संगीताची बाजू त्याच्या मागून येते.

महाराष्ट्रात याला आधार देणारी उदाहरणे आहेत. धारावीत २०१५ पासून मुलांना रॅप, बीटबॉक्सिंग आणि ब्रेकिंग मोफत शिकवणारा उपक्रम चालला. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटाने आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे केले, तेही जंगल आणि जमिनीबद्दलच. याच गटातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो. मुलांना ऐकवण्यासारखे हे साहित्य आहे.

शब्द तपासण्याची जबाबदारी शाळेची राहतेच. पण ती दोन आठवडे आधी आणि मुलांसमोर पार पाडावी. ‘ही शिवी जाईल, तिच्या जागी तुला नेमके काय म्हणायचे आहे ते लिही’ असे सांगितले, तर मुलगा खरोखर लिहायला बसतो. रंगीत तालमीच्या दिवशी पूर्ण कडवे कापले, तर पुढच्या वर्षी तो शिक्षकांना दाखवणारच नाही.

कायदा काय म्हणतो?

इथे गैरसमज जास्त आहेत. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. बाख, पाखेलबेल, बीथोव्हेन केव्हाच त्यापलीकडे गेले. त्यांचे स्वर कोणीही वाजवावेत, तोडावेत, जोडावेत. मात्र एखाद्या पियानोवादकाने केलेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो आणि तो प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो. म्हणजे बीथोव्हेन स्वतः वाजवला तर मोकळा, यूट्यूबवरून उतरवून वाजवला तर मोकळा असेलच असे नाही.

शाळांसाठी कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात कर्मचारी किंवा विद्यार्थ्यांनी केलेले सादरीकरण आणि प्रेक्षकही कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेशी संबंधित माणसेच असतील, तर तो कॉपीराइटचा भंग ठरत नाही. गॅदरिंग त्यात बसते. तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावले की ही सवलत सांगता येत नाही. इंटरनेटवर टाकलेला व्हिडिओही तिच्यात येत नाही, कारण तो साऱ्या जगासाठी असतो. दुसऱ्याची बीट वापरलेले गाणे शाळेच्या इन्स्टाग्राम पानावरून आवाज बंद होऊन दिसते, त्यामागे हे कारण असते. ‘फ्री बीट’ असे लिहिलेल्या बीटही अनेकदा फक्त बिगर-व्यावसायिक वापरापुरत्या मोफत असतात. खालच्या वर्णनात अटी दिलेल्या असतात, त्या वाचाव्यात. मुलांनी स्वतः वाजवलेला बाख आणि तोंडाने केलेला बीटबॉक्स असेल, तर दुसऱ्या कोणाचा हक्क मध्ये येत नाही. कुणाचे स्वयंचलित यंत्र चुकून अडवेल, तर हरकत नोंदवता येते.

मुलाने लिहिलेल्या रॅपचा हक्कही कायद्याने त्याचाच असतो, शाळेचा नाही. तो कागदावर उतरताच मिळतो, नोंदणी लागत नाही. म्हणून कार्यक्रमपत्रिकेत ‘पियानो व रॅप, इयत्ता नववी’ एवढ्यावर न थांबता पियानो कोणाचा, बीटबॉक्स कोणाचा आणि शब्द कोणाचे, ही तिन्ही नावे छापावीत. शब्द लिहिणाऱ्याचे नाव सर्वांत आधी गळते.